उचल : व्यवहार म्हणून दडवलेली माणसांची तस्करी

मानवी तस्करी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेले चित्र येते. काळ्या काचांची गाडी, नाकाला लावलेला रुमाल, पळवून नेलेली पोरगी आणि शेवटी मुंबईतला एखादा कुंटणखाना. असे होतच नाही, असे मी म्हणत नाही. पण या चित्राने काही लोकांची फार मोठी सोय करून ठेवली आहे. जे रुमाल लावत नाहीत, उलट दारात येऊन चहा पितात, "लेकीचं लग्न कधी काढलंय वहिनी?" म्हणून विचारपूस करतात आणि जाताना नोटांचे बंडल ठेवून जातात, ते या चित्रात बसतच नाहीत. ते सुटतात.

माझे म्हणणे सरळ आहे. आपल्या वस्त्यांमधून माणूस नेला जातो तो बहुधा पळवून नाही, उचल देऊन. आणि त्याला सोडवायला आपण ठाण्यात गेलो की तिथे त्याला तस्करी म्हणत नाहीत, 'व्यवहार' म्हणतात. खरी लढाई या एका शब्दावर आहे.

मी बीड जिल्ह्यातली. आई आणि अण्णा दोघेही ऊसतोड कामगार. दोघे मिळून एक कोयता. नवरा-बायको दोन माणसे, चार हात, पण हिशेबात कोयता एकच. आणि उचल घेणारा, अंगठा देणारा, पैसे मोजून घेणारा नवरा. पहाटे फडात मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्या माझ्या आईचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. सहा वर्षांची असल्यापासून मीही जात होते. माझे काम म्हणजे धाकट्या भावाला सांभाळायचे, वाढे गोळा करायचे, कोपीत पाणी भरून ठेवायचे. दसरा झाला की ट्रक निघायचे आणि कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्यात परत. शाळेच्या हजेरीपटावर माझे नाव होते, मी नव्हते. पुढे एका मामाने मला ठेवून घेतले म्हणून मी शिकले. ज्यांना मामा नव्हता त्या माझ्या मैत्रिणी आज स्वतःच्या पोरांना घेऊन त्याच फडात आहेत.

आता लगेच कोणी म्हणेल, ताई, म्हणजे सगळी ऊसतोड ही तस्करीच का? नाही. उचल घेऊन गेले, काम केले, फिटली, परत आले, अशीही माणसे आहेत. पण उचल फिटली की नाही हे ठरवतो कोण? हिशेबाची वही मुकादमाकडे. वजनकाटा कारखान्याचा. आजारपणात पडलेला खाडा मजुराच्या नावावर. हंगाम संपला की कळते, अंगावर अजून तीस हजार आहेत, पुढच्या वर्षी परत यायचे. ज्या दिवशी मजूर म्हणतो "मला जायचंय" आणि त्याला उत्तर मिळते "पैसे टाक अन् जा", त्या दिवशी मजुरी संपते आणि वेठबिगारी सुरू होते. ही रेष प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावी.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचे कलम १४३ म्हणजे जुने ३७०. शोषण करण्यासाठी माणसाला कामावर घेणे, नेणे, ठेवून घेणे, दुसऱ्याच्या हवाली करणे किंवा ताब्यात घेणे, आणि हे धमकी, बळजबरी, फसवणूक, सत्तेचा गैरवापर किंवा पैशाचे आमिष दाखवून करणे, याला तस्करी म्हटले आहे. शोषणात फक्त लैंगिक शोषण येत नाही. गुलामी, गुलामीसारखी स्थिती, भीक मागायला लावणे, अवयव काढणे, सगळे येते. आणि त्याच कलमात एक वाक्य असे आहे की ते मी ठाण्यात जाताना छापून नेते : तस्करी झाली की नाही हे ठरवताना त्या माणसाची संमती महत्त्वाची नाही. म्हणजे "ती स्वखुशीनं आली होती साहेब" हे उत्तर कायद्याने आधीच बाद केलेले आहे. शिक्षा किमान सात वर्षे सक्तमजुरी. एकाहून अधिक माणसे असतील किंवा मूल असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पोलीस किंवा सरकारी नोकर यात सामील असेल तर उरलेले आयुष्य तुरुंगात.

या सगळ्याच्या मुळाशी संविधानाचे कलम २३ आहे. माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्हींना एकाच कलमात बंदी आहे, हे कधी नीट पाहिले आहे का? आपण कलम १७ वर भाषणे करतो, २३ वर करत नाही. बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध मागायचे असतात. पण अस्पृश्यतेचे १७, हे २३ आणि बालमजुरीचे २४ ही कलमे खासगी माणसालाही बांधतात. सावकार, मुकादम, भट्टीमालक, घरमालकीण, सगळ्यांना.

वेठ म्हणजे काय हे बाबासाहेबांना कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नव्हती. महार वतन म्हणजे तरी काय होते? जमिनीच्या तुकड्याच्या आणि बलुत्याच्या बदल्यात साऱ्या घराण्याने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी करायची. घरातला एक आजारी पडला तर दुसऱ्याने जायचे. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा आपल्याच लोकांतले काही जण वतन सुटेल म्हणून घाबरले होते. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. आजची उचल आणि तेव्हाचे वतन यांत मला एक साम्य दिसते : माणसाला थोडेसे आगाऊ देऊन त्याचे सगळे कुटुंब बांधून घेणे. फरक इतकाच की वतन जन्माने यायचे, उचल दरवर्षी नवी घ्यावी लागते. कातकरी कुटुंबे रायगडच्या वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर जातात तीही अशीच, पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेल्या आगाऊ पैशांवर. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले चार-दोन हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिल्याचे उघड झाले, तेही एका लहान मुलीचा जीव गेल्यानंतर. त्या आई-बापांना वर्तमानपत्रांतून 'मुले विकणारे' म्हटले गेले. विकण्याची वेळ ज्यांनी आणली त्यांना काय म्हणायचे, हे कोणी विचारले नाही.

साखळदंड आता कुठे राहिलेत, असे विचारणारेही भेटतात. २०२३ च्या जूनमध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकी परिसरात विहिरी खोदायला आणलेल्या मजुरांची पोलिसांनी सुटका केली. दिवसभर विहिरीत राबवायचे आणि रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळीने बांधायचे. मजुरी नाही. हे उघडकीस आले ते एक मजूर निसटून हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोचला आणि त्याने तिथल्या पोलिसांना सांगितले म्हणून. तिथून निरोप गेला आणि बाकीचे सुटले. त्याला कोणी "घटना आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवले असते तर?

परत पाठवतात, हे मी पाहिले आहे. मागच्या हंगामात शेजारच्या वस्तीवरच्या एका बाईचा फोन आला. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून, दबक्या आवाजात. "ताई, मला अन् पोराला जाऊ देईनात. ह्यांना धाडलंय घरी पैसे आणायला. पैसे आल्याबिगर हलायचं नाही म्हणायलेत." नवऱ्याची पाठ धरली होती, कोयता चालत नव्हता. नव्वद हजार उचल, तीन महिने काम, आणि मुकादमाच्या वहीत अजून बावन्न हजार बाकी. म्हणून बायको आणि तेरा वर्षांचा मुलगा तिकडे ठेवून घेतले, नवऱ्याला गावी पिटाळले.

तो भाऊ माझ्याकडे येण्याआधी एका अर्ज लिहून देणाऱ्याकडे जाऊन आला होता. तो अर्ज मी जपून ठेवला आहे. त्यात लिहिले होते : मुकादमाची रक्कम रुपये ५२ हजार माझेकडे बाकी असून सदर रक्कम फेडण्यास मला मुदत मिळावी व माझे पत्नीस व मुलास गावी येऊ देणेची विनंती. अर्ज पोलीस ठाण्याला, आणि मागणी मुदतीची! हा अर्ज वाचून कोणता अंमलदार गुन्हा नोंदवेल? तो म्हणणारच, "पैसे घेतलेत ना? मग द्यायला नकोत का? मिटवून घ्या." तसे तो म्हणालाही. शिवाय घटना पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या हद्दीत घडलेली, इथे काय आणलेत, हेही म्हणाला.

आम्ही अर्ज नव्याने लिहिला. कर्जाचे वाक्य काढून टाकले नाही, उलट पहिल्यांदा तेच लिहिले, पण वेगळ्या शब्दांत : अमुक मुकादमाने अमुक तारखेला आगाऊ रक्कम देऊन आम्हा तिघांना अमुक ठिकाणी कामाला नेले. तेव्हापासून किमान वेतन दिलेले नाही. पत्नी आणि १३ वर्षांच्या मुलाला त्यांच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवले आहे, पैसे दिल्याशिवाय जाता येणार नाही असे सांगितले आहे, तिचा फोन काढून घेतला आहे. मुलाकडूनही काम करून घेतात. आम्ही अनुसूचित जातीचे आहोत. त्यांच्या जिवाला धोका आहे. तथ्ये तीच, एक अक्षर खोटे नाही. पण हे वाचल्यावर अंमलदार खुर्चीत सावरून बसला. इथेच नोंद घेऊन तिकडे पाठवता येते, शून्य क्रमांकाने, हे त्याला माहीत नव्हते असे नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता ते स्पष्टच आहे. त्याच रात्री अर्ज तिकडच्या आणि इकडच्या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना, पोलीस अधीक्षकांना आणि तिकडच्या तहसीलदारांना ईमेलने गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मायलेक सुटले.

सुटले, पण अहवालात लिहिले गेले : सदर महिला स्वखुशीने काम करीत होती, तिला गावी पाठविण्यात आले. या एका 'स्वखुशीने'मुळे मुक्ततेचा दाखला मिळाला नाही. हा दाखला म्हणजे काय कागदाचा तुकडा, असे समजू नका. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठीला धरलेल्या माणसाचे कर्ज रद्द होते. करारनामा मुद्रांकावर असो की नोटरी केलेला, तो शून्य. रद्द झालेले कर्ज परत वसूल करणे हाच गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. आणि पैसे वेठबिगारीचे नव्हते, हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर, मजुरावर नाही. पुनर्वसन योजनेत तातडीची मदत तीस हजारांपर्यंत, पुढे पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख, आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या अत्यंत वाईट स्थितीतून सुटलेल्यांना तीन लाख. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाला बांधून ठेवली आहे, हा त्या योजनेतला अन्यायच आहे. पण दाखला नसेल तर पहिले तीस हजारही नाहीत, आणि मुकादम पुढच्या दसऱ्याला बावन्न हजार मागायला दारात. त्या कुटुंबाचा फेरचौकशीचा अर्ज आम्ही केला आहे, अजून उत्तर नाही.

मुकादमांचीही बाजू असते. मजूर दोघा-तिघांकडून उचल घेतात, पळून जातात, मुकादम बुडतो, असे कारखानदार आणि मुकादम सांगतात. बुडतातही काही. मग दिवाणी न्यायालयात जावे. बँकेचे कर्ज थकले म्हणून कोणत्या साखर सम्राटाच्या बायकोला बँकेने कोठडीत ठेवले आहे? बुडीत पैशासाठी माणूस तारण ठेवण्याची मुभा फक्त आपल्याच लोकांच्या बाबतीत का? सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, सांगून ठेवले आहे की पोटाच्या सक्तीने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबणे हीही कलम २३ खालची सक्तीची मजुरीच. भूक ही सक्ती आहे, असा त्याचा अर्थ.

आता आपल्या घरातले बोलू. मुकादम नेहमी परका नसतो. तो आपल्यातला असतो. कित्येक गावांत जयंतीच्या वर्गणीत सर्वांत मोठा आकडा त्याचाच असतो आणि मिरवणुकीत पुढे निळा फेटा बांधून तोच असतो. अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(एच) अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला वेठीला धरणे हा गुन्हा ठरवते. पण आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ते कलम लागत नाही. वरचा कंत्राटदार, ज्याच्या सांगण्यावरून हे चालते, तो बहुधा तसा नसतो, म्हणून तपास खालच्या मुकादमावर थांबू द्यायचा नाही. आणि शहरात स्थिरावलेल्या आपल्या नोकरदार बांधवांनीही जरा स्वयंपाकघरात डोकावावे. गावाकडून 'शिकवायला' आणलेली बारा वर्षांची पोरगी भांडी घासत असेल तर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असल्याने ती मोकळी होत नाही.

शब्दांबद्दल आणखी एक. सरकारी मराठीत याला 'अपव्यापार' म्हणतात आणि पोलिसांतल्या विशेष शाखेचे नाव 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष'. हे 'अनैतिक' कुठून आले? जणू नैतिक मानवी वाहतूकही असते! या एका विशेषणाने सगळी शाखा कुंटणखान्याच्या छाप्याकडे तोंड करून उभी राहते आणि ऊसफड, वीटभट्टी, विहीर तिच्या नजरेबाहेर जातात. देहविक्रयात ढकललेल्या बायांकडे पाहतानाही हेच विशेषण आड येते, गुन्हा बाजूला राहतो आणि बाईची अब्रू मोजली जाते. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळी, जोगतिणींची सभा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना हे जिणे सोडायला कडक शब्दांत सांगितले. पण ते त्यांच्याविषयी बोलत नव्हते, त्यांच्याशी बोलत होते. देवाला बाई सोडणे हा आज अॅट्रॉसिटी कायद्यातही गुन्हा आहे. तरी छाप्यानंतर बायांचे चेहरे दाखवणारे फोटो आपलेच कार्यकर्ते व्हॉट्सअॅपवर फिरवतात. हे बंद करा.

तक्रार कशी करायची ते अनुभवावरून सांगते. सगळ्यात आधी, मुकादमाला किंवा मालकाला फोन करायचा नाही. "बघतोच तुला" म्हणून जोर दाखवायला आपल्याला बरे वाटते, पण त्या रात्रीतच टोळी दुसऱ्या फडावर हलवली जाते आणि मग शोधत बसा. गाडी घेऊन स्वतः सोडवायलाही जाऊ नका. मारहाण होईल, नाहीतर तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल. जीव धोक्यात असेल तर ११२. मूल असेल तर १०९८, बाईसाठी १८१, अनुसूचित जाती-जमातीवरील अत्याचारासाठी १४५६६, मोफत वकिलासाठी १५१००. पण फोनवर थांबू नका, फोनचा कागद होत नाही. लेखी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, कारण वेठबिगार कायद्याने सुटकेची आणि चौकशीची जबाबदारी त्यांच्यावर टाकली आहे. प्रत पोलीस अधीक्षकांना. पोच घ्या, ती देत नसतील तर रजिस्टर पोस्ट आणि ईमेल. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर अधीक्षक, तिथेही नाही तर न्यायदंडाधिकारी.

मूल हरवले असेल तर 'मिसिंग'वर भागवू देऊ नका. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की हरवलेल्या मुलाची तक्रार अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच नोंदवायची.

अर्जात मत कमी आणि तपशील जास्त हवा. कोणी नेले, कोणत्या तारखेला, किती देऊन, काय सांगून, कोणत्या गाडीने, आता कुठे आहेत, किती माणसे, पोरांची वये, मजुरी काय मिळाली, जाऊ का देत नाहीत, फोन-आधार कार्ड कोणाकडे आहे. शक्य असेल तर जागेचे लोकेशन. सुटकेच्या वेळी जबाब मालकापासून दूर नोंदवला जावा, असा आग्रह धरा. मुकादम समोर उभा असताना कोणती बाई खरे सांगेल? आणि जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. 'स्वखुशीने' शब्द दिसला की तिथेच हरकत घ्यायची.

यंदा आमच्या विहारात आम्ही एक वही केली आहे. ट्रक निघायच्या आधी प्रत्येक कोयत्याची नोंद : नवऱ्याचे नाव, बायकोचेही नाव, मुलांची वये, मुकादम, कारखाना, गाडी क्रमांक, उचल, करारपत्राचा मोबाईलवर काढलेला फोटो. कोणती मुले आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहणार तेही. दर पंधरा दिवसांनी एक फोन करायचा आणि तो बाईलाच, ही वाटणी दहा पोरींनी करून घेतली आहे. आतापर्यंत ४१ कोयते नोंदले. वस्तीतला एक मुकादम विहारात येऊन विचारून गेला, माझे नाव या वहीत कशाला? त्याला बसवून चहा दिला आणि त्याच्याकडूनच गाडीचा क्रमांक लिहून घेतला.